फोर्डच्या हेडाचे चोवीस बोल्ट

दादा,

तू उठायच्या आत लोंढ्याला निघालोय, तिथनं आगगाडीनं बेळगावला. आपल्या फोर्डसाठी इंजिनाच्या हेडाखाली बसतं ते गास्केट आणायचं हाय. भंगारवाला आज गाडी न्यायला आला तर त्याला चहा पाज आणि माघारी लाव.

दोनदा आणलेलं गास्केट बसलं न्हाई, म्हणून इंजिन मेलं असं तू ठरवलंस. काल मी तेलाचा थर खरवडून बोल्ट मोजले. छत्तीस सालच्या फोर्डला एका हेडावर एकवीस असतात, आपल्याला चोवीस हायत. म्हंजे गाडी छत्तीसची, पण इंजिन मागनं कुणीतरी लढाईतल्या लष्करी ट्रकाचं बसवलंय. चुकीचं गास्केट आपणच मागत होतो. इंजिन ठणठणीत हाय.

बॉनेटवरचं गोणपाट काढू नको, कोंबड्या आत बसतात.

आणि वहिनीच्या माहेरी मी निरोप धाडलाय. उळवीच्या वाटेत गाडी बंद पडली तवा तू तिला काय बोललास ते मी ऐकलंय, इथं लिहीत न्हाई. निरोपात इतकंच हाय, की रविवारी दादा स्वतः गाडी घेऊन तुला न्यायला येतोय.

तेवढी दाढी करून ठेव.

परशू