देवाने दिधला एकच दिवा

४ नोव्हेंबर
सूनबाईला पुन्हा दिवस गेलेत! दोघी नाती शाळेत जायला लागल्या, आता तिसरं पाऊल. दुपारभर गॅलरीत बसून अंगाईच्या चार ओळी जमवल्या – चाल आमच्या दुसरीतल्या बाईंनी शिकवलेली. सूनबाई ड्युटीवरून आली, बसच्या किल्ल्या खुंटीला लावल्या, तेवढ्यात ऐकवल्या. "बाबा, चाल गोड आहे. पण मूल ठेवायचं नाहीये मला." एवढं बोलून कणीक मळायला घेतली!

५ नोव्हेंबर
म्हटलं, कविता कधी दोन कडव्यांवर थांबते का गं? तर म्हणे, "म्हणणं संपलं की थांबते. पुढचं ओढूनताणून असतं, हे तुमचंच ना?" माझंच शस्त्र माझ्यावर!
शनिवारी मोकळी होणार. सोबत ऑपरेशनही. चिरंजीव नुसते "बघू, बघू". ती कडाडली – "ब्रेक लावताना मी मागच्या सीटवाल्याला विचारत नाही!"

७ नोव्हेंबर
माझी आक्का तडक आली. "पाप आहे हे."
सूनबाई – "आत्याबाई, पुण्य तुम्ही सांभाळा. पोरी मी सांभाळते."
आक्का माझ्याकडे वळली. "ह्याला विचार. एकच दिला देवानं, जन्मभर झुरला बिचारा." खरंच की. मुलाच्या प्रत्येक वाढदिवसाला म्हणतो ती माझी कविता – 'देवाने दिधला एकच आम्हां दिवा' – तीच म्हणायला लागलो.
आमची ही शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "देवाला कशाला मध्ये ओढता? तांबी बसवून घेतली होती मी. पोराच्या बाळंतपणात मरता मरता वाचले, पुन्हा त्या वाटेला जायचं नव्हतं."
आक्काचा चहा निवला. माझाही.

८ नोव्हेंबर
इतकी वर्षं मी रडलो कुणासाठी? शेवटी हिला विचारलं – मला का नाही सांगितलंस?
"अहो, तुम्ही कविता म्हटली असतीत. आणि मी विरघळले असते."

९ नोव्हेंबर
सूनबाईबरोबर ही गेली दवाखान्यात. मागोमाग चिरंजीवही – पिशवी घेऊन! आक्काचा फोन : "अडवलं नाहीस?" म्हटलं, आक्के, गाडी तिची आहे.

१० नोव्हेंबर
कवितेत कर्ताच चुकला होता. 'देवाने' खोडून 'आईने' लिहिलं.
मात्रा तंतोतंत जुळल्या!