टाकी अजून भरते

सोमवार, ४

आलो बाई एकदाचे! सामानाचा टेम्पो अकराला आला, बाराला रिकामा झाला आणि साडेबाराला आत्या नव्या स्वयंपाकघरात उभी राहून रडत होती. आनंदानं. ती आनंदानं रडते, दुःखानं रडते, कांदा चिरायच्या आधीच रडते. आई-बाबा गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आणि इतक्या वर्षांत तिचा एक रुमाल कधी पूर्ण वाळलेला मी पाहिला नाही. तिला भाड्याच्या खोल्यांतून सोडवून स्वतःच्या घरात आणायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणलं.

घर तळमजल्यावर आहे आणि स्वस्तात मिळालं, कारण मधल्या एका भिंतीला ओल आहे. अलीकडची खोली माझ्या कामाची. मी पुस्तकं बांधते. कागद, पुठ्ठे, चामडं सगळं तिथंच राहणार, त्यामुळे ओल घालवणं भाग आहे. पलीकडे आत्याची खोली. तिनं हट्टानं खाट त्याच भिंतीला लावली, पाठीला गार वाटतं म्हणून.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, तीन रंगांत, शेजारी बारीक तारखा. आधी या घरात मुलं वाढलेली दिसतात. आत्या त्या खुणा बघूनही रडली. नव्या घराच्या नावानं मी ही वही काढली आणि शाईचं पेन भरलं. बघू किती दिवस टिकतो उत्साह.

बुधवार, ६

नळवाला येऊन गेला. त्यानं भिंतीला तीन भोकं पाडली आणि म्हणाला, ताई, हिच्यात पाइपच नाही. वर बाथरूम नाही, खाली टाकी नाही. मग पाणी येतं कुठून, असं विचारलं तर येण्याजाण्याचे पैसे घेऊन निघून गेला.

मग गवंडी आला. म्हातारा आणि तिरसट. अख्खी भिंत पाडून नवी बांधायची म्हणाला आणि असा आकडा सांगितला की मी मटकन खुर्चीत बसले. नुसती सुकवून रंग दिला तर, असं मी विचारलं. त्यावर त्यानं घरात माणसं किती ते विचारलं. दोन म्हटल्यावर मोजपट्टी गुंडाळली आणि उठता उठता म्हणाला, पाडा नाहीतर ओलीच राहू द्या, सुकवू तेवढी नका.

काम मोठं करून घ्यायच्या या युक्त्या मला ठाऊक आहेत, मी काही कालची पोर नाही. ओल ओढणारं यंत्र भाड्यानं मिळतं. त्याचा खर्च गवंड्याच्या आकड्याच्या विसावा हिस्साही नाही.

शनिवार, ९

यंत्र म्हणजे चाकं लावलेली पेटी. दिवसभर गुरगुरत असते. ओल ओढून घेते आणि खालच्या टाकीत पाणी जमवते. रोज एक टाकी भरते, मी ती बाथरूममध्ये ओतून देते. पाणी अगदी स्वच्छ, कसलाही वास नाही. भिंतीवरचा डाग आक्रसत चाललाय. गवंड्याला मुद्दाम बोलावून दाखवावं असं वाटतंय.

आत्याला सारखी तहान लागते. तांब्यामागून तांब्या रिचवते आणि तरी ओठांवरून जीभ फिरवत बसते. यंत्रानं हवा कोरडी झाली असेल.

मंगळवार, १२

भिंत ठणठणीत कोरडी! हात फिरवला तर पांढरी पूड लागते. माझी नेहमीची परीक्षा घेतली. पातळ कागद दिवसभर भिंतीला लावून ठेवला, जराही फुगला नाही. जीव भांड्यात पडला.

फक्त टाकी अजून भरते. रोज काठोकाठ. यंत्रवाल्याला फोन केला, तर म्हणाला, घरात कुठंतरी ओल असणारच, यंत्र काही पाणी तयार करत नाही.

आणि आज आत्या रडली नाही. तिची शाळेपासूनची मैत्रीण गेल्याचा फोन आला. फोन ठेवून ती रुमाल घेऊन बसली, तोंड वेडंवाकडं झालं, खांदे गदगदले, पण डोळे कोरडेच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, अगं, येतच नाहीये. वय झालं तुझं, असं मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. मलाही.

गुरुवार, १४

आत्याची अंगठी बोटातून गळून पडली. दुपारी ती स्वतःच्या गाऊनमध्ये पाय अडकून धडपडली. मागच्या आठवड्यात तोच गाऊन घोट्याच्या वर होता.

मी भिंग घेऊन चौकटीपाशी गेले आणि तारखा वाचल्या.

त्या खुणा मुलांच्या नाहीत. प्रत्येक रंगाची पहिली खूण माझ्या डोक्याच्या आसपास आहे, आणि तीच सगळ्यात जुनी. जसजसं खाली यावं तसतशा तारखा पुढे सरकतात. लाल खुणा गुडघ्यापाशी थांबतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी निळ्या सुरू होतात, वरून. मग हिरव्या.

चामडं सुकलं की आखडतं. हे मला कुणी शिकवायला नको, माझा धंदाच आहे तो.

यंत्र बंद केलं. आत्याला चौकटीला टेकवून उभं केलं आणि खूण केली. रेघ वाकडी आली. ती विचारत होती, काय गं, वाढले का मी?

शुक्रवार, १५

यंत्र बंद आहे. तरी आत्या खुणेच्या चार बोटं खाली.

भिंतीला हात लावला. गार. किंचित दमट. कोरडा पुठ्ठा चिकटवायच्या खळीतलं पाणी असंच ओढतो, पुरतं मिळेपर्यंत सोडत नाही. मी भिंतीला सुकवलं, आता ती आत्यातून भरून घेतेय.

खाट हलवली. आत्याला बाहेरच्या खोलीत नेलं. काही उपयोग नाही. भिंतीवर बादलीभर पाणी ओतलं — सगळं ओघळून गेलं, तिनं थेंब घेतला नाही.

टाकीच्या तळाशी कालचं थोडं पाणी उरलं होतं. ते आत्याला पाजलं. ओठांवर रंग आला. डोळ्यात एक थेंब आला. एकच.

बाकीच्या टाक्या मी बाथरूममध्ये ओतल्या. पहिल्या काही भिंतीच्या असतील. शेवटच्या तीन — माझ्याच हातांनी —

दुपारी आधीच्या मालकाला फोन लावला. आधी म्हणाला, आठवत नाही. मग सांगितलं. त्यानंही यंत्र लावलं होतं. आधी बायको, मग भाऊ, मग आई. भिंत एका वेळी एकालाच धरते, म्हणाला, दुसरं कुणी पाठ टेकेपर्यंत सोडत नाही. तुम्ही का नाही टेकलात, असं मी ओरडून विचारलं. तो म्हणाला, म्हणून तर किंमत कमी लावली होती.

शनिवार, १६

आत्याला तिच्या भावाकडे, काकाकडे पाठवलं. गाडीपर्यंत उचलून नेली — कडेवर मावली. हलकी. माझं बोट सोडेना. भिंतीचं काम आटपून येते, असं सांगितलं. खोटं बोललेलं तिला नेहमी कळतं.

घरात आले. भिंतीला पाठ टेकली.

गार वाटतं. ती म्हणायची तसंच. बरं वाटतं आधी.

रविवार, १७

तहान. नळाला तोंड लावून प्यायले. कुठं जातं कळत नाही.

भिंत अर्धी ओली झाली. चौकटीकडे बघत नाही.

सोमवार, १८

आत्याचा फोन. रडत होती! ढसाढसा, नाक ओढत, हुंदके देत. काकाचा रुमाल भिजवला म्हणे. मी नुसती ऐकत बसले. इतकं बरं वाटलं — मलाही रडायचं होतं. येतच नाही.

मग म्हणाली, तुझ्याशिवाय करमत नाही. निघते. किल्ली आहे माझ्याकडे.

नको म्हणायला तोंड उघडलं. घसा — आवाजच नाही. तिनं ठेवला.

पुन्हा लावला. उचलत नाही. वाटेत असेल —

ती आली की आधी मला शोधेल. मग दमून भिंतीशी, नेहमीच्या जागी बसेल. वही दारात ठेवते, उघडी. मोठ्या अक्षरात लिहिते —

पेन नीट उमटत नाही. दौतीतली शाई घट्ट. पाणी घातलं, तेही —

आत्या, आधी हे वाच. बसू नकोस. त्या भिंतीला