आईचं सकाळचं इंजेक्शन

आष्टा,
सोमवार, १४ एप्रिल २०२५

प्रिय माया अक्का,
सप्रेम सलाम.

फोनच करणार होते, पण तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा खोटं बोलेन, म्हणून पत्र. इकडे सगळे ठीक. आमची साक्षी दहावीच्या परीक्षेतून सुटली. काल झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मुलांनी छान गाणं म्हटलं. वडूजला ऊन भारी असेल, भावजींना जप.

शनिवारी शेजारची रंगूबाई परत आली. नऊ वर्षांपूर्वी आई गेली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ती लेकीकडे आटपाडीला राहायला गेली होती. मी चहा घेऊन गेले. तिनं विचारलं, "माया दिसत न्हाई कवा?"

आपल्या घरात सगळे सांगतात तेच मी सांगितलं. गुड फ्रायडेला आईचा उपास होता, अक्कानं तिला उपाशीपोटी इन्सुलिन दिलं, आई संध्याकाळी गेली, तेव्हापासून अमृतदादा अक्काशी बोलत नाही.

रंगूबाईनं कप खाली ठेवला. "काय बोलतीस गं? माया यष्टीतनं उतरून आली तवाच तुजी आई बेसुद हुती! तिनं हाक मारली म्हणून मी पळत आले. साखरपाणी लावत हुती पोरगी ओठाला. सुई कुटली? सुईला हातबी लावला न्हाई तिनं."

अक्का, मी चहा तसाच टाकून घरी आले.

दवाखान्यात दादानं विचारलं, इंजेक्शन कोणी दिलं? तू म्हणालीस, "मी." मी तिथंच उभी होते. मग मी ठरवून टाकलं की तूही दिलं असशील. सकाळी मी, दुपारी पुन्हा तू. म्हणजे निम्मा दोष तुझा. त्या निम्म्यावर मी नऊ वर्षं काढली.

सकाळी मी दिलं, अक्का. आई म्हणाली होती, "सोने, आज तीनपर्यंत उपास हाय, नको." मला बाराच्या उपासनेत गायचं होतं, सरावाला उशीर होत होता. मी म्हटलं, "दे गं हात लवकर." तिनं दिला.

तुला डब्यातली वापरलेली सुई बघून कळलं ना, की मी दिलंय?

तेव्हापासून चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाच्या पेल्यांचा ट्रे माझ्यापाशी आला की, मनात दोष लपवून घेऊ नये म्हणून, मी तो पुढं सरकवते. सगळ्यांना वाटतं, सोनियाला द्राक्षरसानं पित्त होतं. बायका मला जिरं चावायला सांगतात.

आणि रविवारशाळेत मीच शिकवते, की ज्यानं काहीच केलं नव्हतं त्यानं आपल्या सगळ्यांचा दोष स्वतःवर घेतला, म्हणून देवानं आपल्याला पुन्हा जवळ केलं. मुलं विचारतात, "बाई, त्याला राग नाही आला?" मी म्हणते, नाही आला. किती सहज म्हणते! तुला आला का गं? आईला माती देताना तू कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभी होतीस. मी आत गात होते.

काल दादाला सांगितलं. तो बुटांच्या नाड्या सोडत होता, तसाच वाकून राहिला. मग म्हणाला, "नऊ वर्षं तिचा फोन उचलला नाही मी." माझ्याकडे बघितलं नाही. आत जाता जाता म्हणाला, "तिला तूच बोलव. माझं तोंड नाही."

याच्या बदल्यात तुला काय देऊ, दोन दिवस तेच डोक्यात आहे. काही सुचत नाही. बहुतेक द्यायचं काही नसतंच, नुसतं घ्यायचं असतं. तेच मला जमत नाहीये.

या शुक्रवारी मी गाणार नाही. तू त्या दिवशी आलीस ती एकची एसटी अजून येते. मी स्टँडवर असेन. आज सकाळी दादाही येतो म्हणालाय. नाही आलीस तर मी काही म्हणणार नाही. पण आलीस, तर रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बस. ट्रे आला की तूच एक पेला माझ्या हातात दे. माझा मला उचलवणार नाही.

जिच्या जागी तू उभी राहिलीस ती,
सोनी