भेटीचे पैसे

मंगळवार, संध्याकाळ

ह्यांच्या आजारपणात काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता सकाळी भरला. वाटलं, सुटले. तर दुपारी वसुली कंपनीचा माणूस दारात, हातात नवा कागद. घरी येऊन गेल्याचं शुल्क, प्रत्येक भेटीचं वेगळं. ह्यांच्या दहाव्याला आला होता, तीही भेट धरलेली! त्या दिवशी मीच त्याला पाणी दिलं होतं.

"तुम्हाला बोलावलं कुणी होतं?" मी विचारलं.

"काकू, कंपनीच लावते की. मी काय करू?"

दहाव्याचेसुद्धा पैसे? भांडणारच होते. पण शेजारच्या खिडक्या उघडल्या आणि मी मुकाट्यानं सही केली. मी एवढी भित्री कधीपासून झाले?

चपला घालताना तो म्हणाला, "आजची भेट यात धरलेली न्हाय. ती पुढं लागंल."