एकदाच विचारायचं

१४ सप्टें., रवि.
सासूबाई आल्या. तीन महिन्यांचा व्हिसा. विमानतळ ते टोकियोतलं आमचं ओजिमा, वाटेत दोनदा विचारून झालं, "माणसं इतकी गप्प का गं? काही झालंय का?" अर्ध्या बॅगेत कांदा-लसूण मसाला, भडंग, ठेचा. कोल्हापूरच जवळपास. लेक ईरा दारात "ओकाएरी!" (या घरी!) म्हणून ओरडली. आईंना वाटलं, शाळेत शिकवलेला श्लोक. "गुणाची पोर," म्हणाल्या.
निनाद म्हणतो, आता तू काम कर निवांत, आई आहे. बघू.

१६ सप्टें., मंगळ.
विद्यापीठात ओकुमुरा-सेन्सेईंसोबत (आमचे प्रोफेसर) मीटिंग. जपानमधले भूतानी आणि जपानमधले इराकी, इथे कोणाचं बस्तान कसं बसलं, याची तुलना. शिक्षण, नोकरी, घर, भाषा, मुलांच्या शाळा, अडचणी. दोन्ही समाज मूठभर, म्हणून कोणी हात लावत नाही, म्हणून आम्ही लावलाय. माझ्याकडे मुलाखती. भूतानी मंडळी हिंदीत बोलतात (सगळे हिंदी सिनेमांवर वाढलेले), इराकी इंग्लिश-जपानीत.
रिपोर्ट ऑक्टो. अखेर. पैसे देणारं फाउंडेशन त्यावरून एक मदतकेंद्र काढणार, दुभाष्यासकट. एकच. ज्यांच्या अडचणी जास्त दिसतील त्यांच्यासाठी.
सेन्सेईंनी नियम पुन्हा वाचून दाखवले. प्रश्न एकदाच विचारायचा. येईल ते उत्तर लिहायचं. पुन्हा विचारणं म्हणजे दबाव.
मनात म्हटलं, हे मला जमेल. पुण्याची आहे. आमच्याकडे पाहुण्याला चहासुद्धा एकदाच विचारतात, तोही दारात.

२० सप्टें., शनि.
पेमाची मुलाखत. निशी-कसाई स्टेशनजवळच्या कॅफेत. वय सव्वीस. गावी शाळेत विज्ञान शिकवायची. आता रात्री बेन्तोच्या कारखान्यात डबे भरते, दिवसा म्हाताऱ्यांच्या देखभालीचा कोर्स. चौघी एका खोलीत. हसरी पोरगी.
उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पट्टी. बोट ताठ. कप उचलताना ते बाजूला राहत होतं.
कामावर कधी दुखापत? "नहीं दीदी." तोंडावर हात धरून. राहण्याची काही अडचण? "नहीं नहीं, सब ठीक." डॉक्टरकडे भाषेची? "नहीं."
बोटाचं विचारावंसं वाटलं. नियम आठवला. अडचणींच्या रकान्यात शून्य.
केक मागवू का म्हटलं, तर नको म्हणाली. मी माझ्यापुरता मागवला आणि तिच्यासमोर खाल्ला.

२४ सप्टें., बुध.
आज आणखी तिघे भूतानी. एक हॉटेलात भांडी घासतो, बी.कॉम. आहे. एकजण जपानी इतकं छान बोलतो की मला लाज वाटली. सगळ्यांचे रकाने शून्य.
आईंनी प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिशवीत जळणारा कचरा टाकला; इथे दोन्ही वेगळे ठेवावे लागतात. खालच्या मजल्यावरच्या बाईने पिशवी परत दाराशी आणून ठेवली, वर वाकून माफी मागितली. आई खूश. "बघ, किती मर्यादशील! आपली पिशवी आणून दिली."

२७ सप्टें., शनि.
हैदर-सान. चिबाला त्याचं यार्ड, जुन्या गाड्यांचे सुटे भाग परदेशी पाठवतो. बसऱ्याचा इंजिनिअर. इथे आल्यावर त्याची पदवी कोणी विचारली नाही, मग याने गाड्या उघडायला सुरुवात केली. आज स्वतःचा धंदा, स्वतःचं घर, मुलगी जपानी कंपनीत. आमच्या तक्त्यात जवळपास प्रत्येक ओळीत वर.
पण अडचणी काय म्हटलं आणि धरण फुटलं. बायकोचं डायलिसिस चालू आहे. तिला जपानी येत नाही. डॉक्टरांनी काही समजावून सांगायचं म्हटलं की मुलीने ऑफिसातून सुट्टी घ्यायची. मुलगी तिशीची, लग्न नाही, सुट्ट्या संपतात. "आईच्या पोटातलं मुलीच्या तोंडून ऐकायचं, हे बरं नाही," म्हणाला. आणखी बरंच. दीड तास.
मी म्हटलं, सगळं मोकळेपणाने सांगितलंत. तर म्हणे, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी समोर बसून विचारलं. मी कमी का सांगू?"
चहा, खजूर, मग भात आणि भाजलेला मासा. मी नको नको म्हणत होते, त्याने ऐकलंच नाही. परतताना गाडीत पेंगले.

२ ऑक्टो., गुरु.
दसरा. आईंनी कोल्हापूरहून आणलेली आपट्याची पानं चुरा झालेली. तरी वाटली.
तक्ता तयार. सेन्सेई खुर्चीतून पुढे सरकले. इराकी: घर, धंदा, भाषा उत्तम, अडचणी भरपूर. भूतानी: पदव्या वाया, रात्रपाळ्या, दाटीवाटी, आणि अडचणी जवळजवळ नाहीत. "ओमोशिरोई," म्हणाले. इंटरेस्टिंग. मग फळ्यावर लिहिलं: आनंदी देशातून आलेली, थोडक्यात समाधान मानणारी माणसं. याच्यावर पेपर होईल म्हणाले.
मदतकेंद्र अर्थात अरबी भाषेचं.
हैदर-सानच्या बायकोसाठी बरं वाटलं. पण "आनंदी देश" काही घशाखाली उतरेना. आनंदी देशातल्या शाळेतली मास्तरीण इथे गाजराच्या चकत्या मांडते. आनंदाने?

५ ऑक्टो., रवि.
आज पेमाला जेवायला बोलावलं. आईंचा लकडा होता, "दिवसभर कुणाशी बोलू मी? हिंदी येणारं कुणीतरी आण." मुलाखत होऊन गेलीय, नियमात बसतं.
पिठलं, भाकरी, ठेचा. मी परात पुढे केली. पेमाने तोंडावर हात धरला, "मेशु, मेशु." म्हणजे नको. मी परात घेऊन वळले.
आई: "अगं, कुठं न्यायला लागलीस?"
"नको म्हणतेय ती."
"पहिल्यांदा नको म्हणणारच की! माणूस हाय ती, मांजर नव्हं."
आईंनी दुसऱ्यांदा विचारलं. पुन्हा हात तोंडावर. तिसऱ्यांदा आईंनी विचारलंच नाही, भाकरी हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. पेमाने हात खाली घेतला आणि ताट पुढे केलं. तीन भाकऱ्या खाल्ल्या. ठेचा तर चमच्याने. म्हणाली, आमच्याकडे मिरची ही भाजी असते, इथे आल्यापासून असं जेवले नव्हते.
आईंचं लक्ष बोटाकडे गेलं.
"ये बोट को क्या हुआ?"
"कुछ नहीं, आंटी."
"कुछ नहीं कैसे? ताठ है."
"ठीक हो जाएगा."
आईंनी तिचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि मराठीतच म्हणाल्या, "सांग गं पोरी."
पोरीने सांगितलं. कारखान्याच्या पट्ट्यात बोट अडकलं होतं. सुपरवायझर स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात घेऊन गेला आणि वाटेत शिकवलं, घरी दारात सापडलं म्हणून सांग. म्हणून कागदोपत्री तो कामावरचा अपघात नाहीच. नंतरचे उपचार परवडेनात म्हणून तिने सोडून दिले. बोट वळत नाही. डिसेंबरात कोर्सची प्रॅक्टिकल परीक्षा. म्हाताऱ्या माणसाला धरून उठवून दाखवायचं. नापास झाली तर व्हिसाचं काय, तिलाही माहीत नाही. कारखान्याचं नाव घेतलं तर तेही काम जाईल.
एवढं सगळं त्या शून्याच्या आत होतं, आणि मी समोर बसून केक खात होते. फार लाज वाटली.

६ ऑक्टो., सोम.
सगळ्या भूतानी मुलाखती पुन्हा ऐकल्या. एकाचंही "नाही" सरळ नाही. आधी एक छोटं हसू, मग "नहीं नहीं." आपल्याकडच्या पंगतीत बसलेला कोणताही पाहुणा हेच करतो. पहिलं "पुरे" कोण खरं मानतो? आणि मी, पंगतीत वाढणारीच्या घरात दहा वर्षं नांदून, ते खरं मानून रकाना भरला!
कोजागिरी. दूध आटवलं. मला जाईना.

९ ऑक्टो., गुरु.
सेन्सेईंना सांगितलं. पेमाचं नाव न घेता. त्यांनी विचारलं:
"म्हणजे तुम्ही आग्रह करून हवं ते उत्तर काढलंत, असं कोणी म्हणालं तर?"
मी म्हटलं, न करता चुकीचं उत्तर काढलं, हे आधीच झालंय.
आग्रह हा शब्द समजावताना नाकी नऊ आले. शेवटी म्हटलं, आमच्याकडे पहिला नकार हा प्रश्नाला नसतोच, तो विचारणाऱ्याला मान म्हणून असतो. हे त्यांनी लिहून घेतलं.
मग त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे: एका बाजूला तीनदा विचारायचं तर दुसऱ्या बाजूलाही तीनदा.
निघताना म्हणाले, दमलेल्या दिसता, ठीक आहात ना? "दाइजोबु देस्," म्हटलं, म्हणजे सगळं ठीक. त्यांनी मान हलवली. संपलं.

१२ ऑक्टो., रवि.
दिवसभर फोन. भूतानी मंडळींना पुन्हा विचारलं, घाई न करता, मध्ये आईबापांची चौकशी करत. बी.कॉम.वाला तिसऱ्यांदा विचारल्यावर एकदम बोलत सुटला. जपानी छान बोलणाऱ्याला घर भाड्याने मिळत नाही. एकीला खरंच काही अडचण नाही, तीनदा विचारूनही नाही. तेही लिहिलं.
आई शेजारी मटार सोलत होत्या. "आता बरोबर विचारतीयास."

१४ ऑक्टो., मंगळ.
हैदर-सानला फोन. पुन्हा विचारायला सांगितलंय, म्हटलं.
"नवीन काय सांगू? सगळं तेव्हाच सांगितलं." मग त्यानेच विचारलं, का? खरं सांगितलं.
"म्हणजे त्या मुलांचं वाढलं, तर केंद्र त्यांना?"
"बहुधा."
त्याने यार्डात कोणाला तरी हातोडा थांबवायला सांगितलं. मग म्हणाला, "त्यांचं खरं आहे ते लिहा. पण माझं कमी करू नका."
नाही करणार. पण ज्या घरी मासा खाल्ला त्याच घरच्या वाटणीत हात घातला, असं वाटत राहिलं. राग आलाय. कोणाचा, ते कळत नाही. तुलना करा म्हणणाऱ्यांचा बहुतेक. बोट मोठं की मूत्रपिंड?

१७ ऑक्टो., शुक्र.
पेमाशी बोलणं. कामगार कार्यालयात जाऊन अपघात नोंदवता येतो, मालकाने नाही म्हटलं तरी. उपचारही मिळू शकतात. मी सोबत येईन.
"रहने दो, दीदी."
दुसऱ्यांदा म्हटलं. "रहने दो."
तिसऱ्यांदा आईंनी फोन ओढून घेतला. पुढच्या शुक्रवारी येते म्हणाली.

२१ ऑक्टो., मंगळ.
दिवाळी. निनादने बाल्कनीत विजेच्या पणत्या लावल्या, खऱ्या पणत्यांना बिल्डिंगची परवानगी नाही.
सेन्सेईंचा मसुदा आला. "आनंदी देश" कापलंय. शेवटी नवा परिच्छेद: घर-धंद्यात इराकी पुढे, पण कोणाच्या अडचणी जास्त हे या माहितीवरून सांगता येणार नाही; केंद्र दोघांसाठी असावं, नाहीतर मुदत वाढवून द्यावी. खाली माझं नाव त्यांच्या नावाच्या शेजारी. फाउंडेशनला गेलाय. उत्तर नाही.

२४ ऑक्टो., शुक्र.
कामगार कार्यालय. अधिकारी तरुण, नीटनेटका, चेहऱ्यावर काही नाही. मी दुभाषी. त्याने आधीच बजावलं, मी विचारेन तेवढंच भाषांतर करा, स्वतःचं काही विचारू नका. हो म्हटलं.
नाव, पत्ता, कोर्स. मग: दुखापत कुठे झाली? घरी की कामावर?
हिंदीत विचारलं. पेमाचा हात तोंडावर गेला. "घर पे."
भाषांतर करणं भाग होतं. केलं. तो लिहायला वाकला.
मी म्हटलं, माफ करा, कृपया पुन्हा विचाराल का?
"उत्तर दिलंय त्यांनी."
"हो. तरी पुन्हा विचारा."
त्याने माझ्याकडे पाहिलं, पेमाकडे पाहिलं, आणि पुन्हा विचारलं. त्याच शब्दांत, त्याच आवाजात. पेमा खाली बघून म्हणाली, "घर पे."
तेही भाषांतर केलं. म्हटलं, अजून एकदा. शेवटचं.
यावेळी त्याने पेन खाली ठेवलं. टेबलावरचं तिचं बोट बघितलं. आणि जरा थांबून, हळू विचारलं.
पेमाने हात खाली घेतला. "फॅक्टरी में. मशीन में."
त्याने लिहिलं. आधीचं न खोडता, नवी ओळ घेऊन.
पुढे काय, ते तोही सांगू शकत नाही. चौकशी होईल म्हणाला. सोमवारी रात्री तिची पाळी आहे, त्याच पट्ट्यावर, त्याच सुपरवायझरसमोर. जावं की न जावं, हे तिने स्टेशनपर्यंत मला विचारलं.
स्टेशनसमोरच्या कोनबिनीत, चोवीस तास उघड्या दुकानात, विचारलं, भूक लागलीय का? "नहीं दीदी," म्हणाली.
दोन ओनिगिरी, भाताचे मुटके, घेतल्या आणि एक तिच्यासमोर धरून उभी राहिले.