पश्चिम भागाचा नकाशा

चांदा, १६ सप्टें. १९५७

१. न्यायाधिकरणाचा निकाल आला. संप केला म्हणून काढलेल्या अकरा जणांना पूर्वीच्या जागी परत घ्यावे.
२. कंपनीचे म्हणणे : त्यांची जागा खाणीच्या पश्चिम भागात. तो भाग संपाआधीच भिंत घालून बंद केला. जागाच उरली नाही.
३. पुरावा : नकाशा. तारीख २ एप्रिल. संप ९ एप्रिलचा.
४. नकाशा मी काढला. जूनमध्ये.

यावर सुनावणी ३० तारखेला.

१७ सप्टें.

खाणीच्या नकाशा-ऑफिसात मी नकला काढते. तिथली रीत : फाटलेल्या नकाशाची नक्कल करताना तारीख जुनीच ठेवायची, खाली काढणाऱ्याची सही. जूनमध्ये सर्व्हेअर पाध्येसाहेबांनी एप्रिलचा फाटलेला नकाशा नकलेसाठी दिला. त्यावर पेन्सिलने भिंतीची एक रेघ वाढवलेली. मी ती शाईने काढली, तारीख २ एप्रिल ठेवली. विचारले नाही. नवी रेघ आली की नवी तारीख, हे नागपूरला नकाशाकामाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकले होते.

१९ सप्टें.

मूळ नकाशा शोधला. नाही. नंतर आठवले. रद्द नकाशे आम्ही घरी नेतो. ते कापडावर असतात. गरम पाण्यात खळ आणि शाई जाते, खाली मलमल उरते. पा.साहेबांनी तो मलाच दिला होता. "न्या, आईंना उपयोगी पडेल." आईने त्याचे टोपडे शिवले, मारोतीभाऊंच्या नातवाला. मारोतीभाऊ अकरांपैकी एक.

२१ सप्टें.

मारोतीभाऊ दारात. आत आले नाहीत.

"बाई, संपाच्या आदल्या दिसापरेंत आमी तिथीच कोळसा काढत होतो. मंग भित कोनं बांधली? भुतानं?"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"आमच्या तोंडाले कोन पुसते? कागद बोलते. तुमच्या कागदात आमची जागा काऊन नाई, येवढं सांगा."

नातू कडेवर होता. टोपडे घातलेले. एकही रेघ उरलेली नाही. पाहिले.

आई नंतर म्हणाली, "क्वार्टर कंपनीचं आहे. तुझ्या नोकरीवर मिळालंय." तेवढेच.

२३ सप्टें.

पा.साहेबांना विचारले. आवाज चढवला नाही त्यांनी.

"तुम्ही रीत पाळलीत. मग घाबरता कशाला?"

"भिंत कधी बांधली, साहेब?"

"नकाशात आहे की. सही कोणाची आहे खाली?"

बोलले तर खोटी तारीख मी घातली, असे होईल. न बोलले तर ती खरी ठरेल. एकच कागद उरतो : त्यांची मोजणीची वही. भिंत ज्या दिवशी मोजली ती तारीख तिच्यात असणारच. वही त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात.

२५ सप्टें.

आज त्यांच्या टेबलावर ठेवले. नक्कल इथे :

पाध्येसाहेब यांस,
पश्चिम भागाच्या नकाशावरील भिंतीची रेघ मी जूनमध्ये, आपल्या पेन्सिलीवरून काढली. २ एप्रिलच्या शाईच्या नकाशात ती नव्हती. भिंतीच्या मोजणीचे वहीतील पान मला दाखवावे. सुनावणीत मला विचारोत वा न विचारोत, वरील पहिली दोन वाक्ये मी सांगणार आहे. पान पाहून सांगावीत अशी इच्छा आहे. उत्तर शनिवार, ता. २८, दुपारी बारापर्यंत लेखी द्यावे.