पाटी लाल असेल त्या दिवशी

२८ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की तुला धाप लागते आणि मग आपण दोघी नुसत्या एकमेकींचा श्वास ऐकत बसतो, म्हणून आता पत्रच. अक्षराला नावं ठेवू नकोस, ते तुझ्यावरच गेलंय.

मी विमानात बसून नेमकं करते काय, असं तू विचारलं होतंस. जुनं प्रवासी विमान आहे. खुर्च्या काढून यंत्रांची कपाटं बसवलीत. नळ्या बाहेर काढल्यात, त्या बाहेरची हवा ओढतात आणि त्यात काय काय विष आहे, किती आहे ते यंत्रं सांगतात. ढगातले थेंब मोजणारं एक यंत्र पंखाखाली लटकतं. मी माझ्या यंत्रासमोर पट्टा बांधून बसते. परवा आमच्यातल्या एकानं आतच संत्रं सोललं, तर माझ्या पडद्यावरची रेघ थेट छताला! सगळे त्याच्या अंगावर धावून गेले. बिचाऱ्यानं ते संत्रं खिशात घालून ठेवलं आणि उतरल्यावर खाल्लं.

यंदा आपल्या गावावरून चकरा मारायच्या आहेत. तारीख विचारू नकोस, आमची आम्हालाच ठाऊक नसते. सगळं उलटं काम. हवा चांगली असली की विमान उभं आणि आम्ही पत्ते कुटत बसतो. वारा पडला, वीटभट्ट्यांचा धूर खोऱ्यात साचला, की उड्डाण. तुमच्या चौकात हवा किती वाईट ते रंगानं सांगणारी पाटी लावलीय ना, ती लाल झाली की समज, लेक निघाली.

गुंड्याला आशीर्वाद. तुझी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी,
थोरली


१६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईच्या छातीचं जैसे थे. पाटी लाल असेल त्या दिवशी खिडक्या लावून घरातच बसायचं, असं डॉक्टरांनी पुन्हा बजावलंय. आजवर ते सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी होतं. पण हल्ली बाईसाहेब सुधारल्यात. मी सकाळी दूध घेऊन येतो तोवर दारात उभी असते आणि आज पाटी कुठल्या रंगाची, असं विचारते. लाल म्हटलं की मुकाट्यानं मान हलवते आणि शाल अंगावर घेते. तू पत्रात काय मंत्र दिलास कोण जाणे, मला काही ते वाचू देत नाही. पण गुण आला खरा.

दुसरी गंमत. परवा ती माझ्या दुकानात आली आणि चष्म्याचा नंबर काढून घेतला. वाचायचा नको म्हणाली, लांबचा दे. या वयात लांबचं काय बघायचंय, असं मी विचारलं, तर गिऱ्हाइकाला असले प्रश्न विचारतोस म्हणूनच तुझं दुकान चालत नाही, असं ऐकवलं. फ्रेमही महागाची घेतली.

तब्येतीला जप. धाकट्यावर लोभ ठेव, म्हणजे धाकटा तक्रार करणार नाही.
तुझा,
गुंड्या


२९ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काल अखेर आपल्या गावावरून आलो. पण गाव दिसलंच नाही. वर लख्ख ऊन आणि खाली दुधावर धरावी तशी तपकिरी साय. भट्ट्यांच्या चिमण्यांची टोकं तेवढी बाहेर. मग आम्ही त्या सायीत शिरलो आणि दुपारभर आतच फिरलो. घरावरूनही गेलो असू, पण खिडकीबाहेर काही कळत नव्हतं. आमचे साहेब फार खूश आहेत. या मोसमातलं सगळ्यात चांगलं उड्डाण म्हणतात, कारण हवा सगळ्यात वाईट होती.

तू खिडक्या लावून आत होतीस, तेव्हा तुझी चिंता नव्हती. गुंड्यानं सगळं कळवलंय. विमान दिसलं नाही म्हणून हळहळू नकोस, आतल्या यंत्रांच्या खोक्यांपलीकडे त्यात बघण्यासारखं काही नाही.

आहे ती माया थोरलीच्या वाट्याची वेगळी काढून ठेव.
तुझी,
थोरली


१८ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू इथं होतीस तेव्हा हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. आईला स्मशानात पोचवून आलो, भेटायला माणसं येत राहिली, तू सगळ्यांना चहा देत होतीस. मी दोनदा तुझ्यामागे स्वयंपाकघरात आलो आणि कपबशा विसळून परत गेलो.

तू गेल्यावर मी गच्चीवर चढलो. तिथं आपली वेताची खुर्ची होती. शेजारच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या होत्या, त्यांना विचारलं. पाटी लाल असली की मी दुकानात गेल्यावर आई वर यायची, असं त्या म्हणाल्या. जिन्यात दर वळणावर बसायची. मग नवा चष्मा लावून दिवसभर आभाळाकडे बघत राहायची. आज लेक येणार आहे, असं त्यांना सांगायची. तुमचं विमान गावावरून गेलं त्या दिवशी ती अंधार पडेपर्यंत वर होती. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं, ते का, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

विमान पाहिलं, असं तिनं काकूंना छातीठोकपणे सांगितलं. त्या दिवशी समोरची इमारत दिसत नव्हती, ताई. आवाज आला असेल. तुझं शेवटचं पत्र मी तिला दवाखान्यात वाचून दाखवलं. वरून काही दिसलं नाही, एवढ्या ओळी गाळल्या.

तुझ्या लिहिण्यानं झालं, असं मी म्हणत नाही. रंग तर रोज मीच सांगत होतो, वर खूशही होत होतो. मला राग येत नाही, रडूही येत नाही. दुकान उघडतो, भिंगं घासतो, बंद करतो.

लोभ ठेव. आता तेवढाच उरलाय.
गुंड्या


२७ डिसेंबर

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून घडी करून ठेवलं. त्या दुपारी उड्डाण होतं, त्यावर गेले. काम नीट केलं. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, तशी मी झालेय. आत काहीतरी उपटलं जातंय हे कळतं, दुखत नाही.

काल त्या दिवसाची रेघ पुन्हा काढून पाहिली. आपल्या घरावर ती सगळ्यात उंच आहे. साहेबांना तीच अहवालाच्या पहिल्या पानावर हवीय, कारण एवढी स्पष्ट रेघ नशिबानंच मिळते म्हणे. मी हो म्हटलं आणि रंग कुठला द्यायचा ते विचारलं. त्या रेघेखाली आई खुर्ची टाकून बसली होती, हे इथं कुणाला माहीत नाही. सांगायला हवं, असंही मला वाटत नाही.

तिनं विमान पाहिलं म्हणाली ना, मग पाहिलं असेल. काकूंशी वाद घालू नकोस.

वेळेवर जेवत जा. माझे आशीर्वाद कोरडे वाटले तरी खरे आहेत.
ताई


६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. त्यात तू सापडली नाहीस.

काल पाटी लाल होती. दुपारी दुकानावरून विमानाचा आवाज गेला. समोर गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत होतं, मी बाहेर गेलो नाही. तुझंच विमान असेल असं मनात आलं आणि मग दिवसभर एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. हवा चांगली असली की तुमचं विमान उभं असतं आणि तुम्ही पत्ते कुटता, असं तूच आईला लिहिलं होतंस. आता ते पत्र मी वाचलंय. तुझ्याकडून सकाळी गाडीत बसलं की माणूस दुपारी इथं पोचतं. चांगल्या हवेच्या दिवशी लेक का येत नाही, हे आईनं कधी विचारलं नाही. ती आपली वाईट हवेची वाट बघत राहिली.

ते मी विचारतोय. रागावलीस तर रागाव, पण उत्तर दे.
तुझा,
गुंड्या


११ जानेवारी

चि. गुंड्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून काल पहिल्यांदा रडले, यंत्राच्या खोलीत, सगळ्यांसमोर.

कालपासून वारा सुटलाय आणि विमान उभं आहे. परवा सकाळच्या गाडीनं निघते. मी पोचेन तेव्हा तू दुकानात असशील. घराची किल्ली कुठं ठेवतोस, ते फोन करून सांग. आजवर मला ते विचारावं लागलं नव्हतं.

तुझी,
ताई